अंधारातली गाडी : अमेरिकेतल्या छोट्या पार्कांतली जुनी कारागिरी

‘डार्क राइड’ला मराठीत काय म्हणावे यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. ‘अंधारी सफर’ म्हटले तर रहस्यकथेचे नाव वाटते. ‘भूतबंगला’ म्हणावे तर तो आपल्या जत्रेत किंवा फेस्ताच्या फेरीत असतो तसा, तंबूत शिरून पायी फिरायचा. शिवाय प्रत्येक डार्क राइडमध्ये भुतेच असतात असेही नाही. शेवटी नाद सोडला आणि तिकडचाच शब्द ठेवला. तर डार्क राइड म्हणजे बंद इमारतीतून जाणारी छोटी गाडी, नाहीतर होडी. गाडीत दोन माणसे जेमतेम मावतात. समोरचे दार गाडीच्याच धक्क्याने उघडते, मागे आपोआप मिटते आणि पुढची तीन-चार मिनिटे आपण काळोखात वळणे घेत राहतो. मध्येच दिवा लागतो, सांगाडा उठून बसतो, कानाजवळ भोंगा वाजतो, की पुन्हा काळोख. मग शेवटचे दार उघडते आणि डोळ्यांवर ऊन येते. एवढेच.

एवढ्याशा गोष्टीत मी कशी पडले तेही सांगते. माझा भाचा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत असतो. एकदा फोनवर म्हणाला, ‘‘मावशी, चौघांनी डिस्नेला जायचे म्हणजे कर्ज काढायची पाळी. तू इतिहासवाली ना? गाडीने जाऊन येता येईल असे काहीतरी जुने, स्वस्त आणि पोरांना आवडेल असे शोधून दे.’’ बी.ए.ला मी इतिहास घेतला होता हे आमच्या घरात अशाच वेळी आठवते. मी अमेरिका पाहिलेली नाही. सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळते. पण एका कागदावरून दुसऱ्या कागदाचा माग काढायची सवय याच नोकरीने लावली. ती इथे उपयोगी पडली.

मोठ्या पार्कांची माहिती मिळायला काही कष्ट नाहीत. छोट्यांची मात्र खणून काढावी लागते. सुदैवाने तिकडे या वेडाची माणसे पुष्कळ आहेत. ‘डार्कराइड अँड फनहाउस एन्थुझिअ‍ॅस्ट्स’ नावाची त्यांची संघटनाच आहे. ही मंडळी पार्क ते पार्क फिरतात, फोटो घेतात, कुठला देखावा कुणी बनवला याचा शोध लावतात. जुन्या राइड्सचे व्हिडिओ बघून, त्यांच्या तारखा जुळवून माझ्या वहीत जी यादी तयार झाली, तिच्यातून एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. ती शेवटी सांगेन. आधी थोडा इतिहास.

सुरुवात ट्रामपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या. आठवडाभर कामगारांची ये-जा असे, सुट्टीच्या दिवशी मात्र गाड्या रिकाम्या. कंपन्यांनी त्यावर तोड काढली. मार्गाच्या टोकाला झाडी, तळे, बँडस्टँड आणि नाचघर असलेला पार्क उभारायचा, म्हणजे रविवारीही लोक तिकीट काढून येतील. यांना तिकडे ‘ट्रॉली पार्क’ म्हणत. असे शेकडो पार्क झाले आणि मोटारी आल्यावर त्यातले बहुतेक मेले. जे उरले त्यांपैकी तीन नावे लक्षात ठेवा, कारण ती पुढे परत येणार आहेत : पेनसिल्व्हेनियातल्या इरी शहराचा वॉल्डमीर (१८९६), पिट्सबर्गजवळचा केनीवुड (१८९८) आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनचा कॅम्डेन पार्क (१९०३).

केनीवुडमध्ये १९०१ साली ‘ओल्ड मिल’ सुरू झाली. लाकडी पन्हळीतून पाणी सोडायचे, ते मोठ्या चाकाने हलते ठेवायचे आणि त्यावरून होड्या काळोख्या बोगद्यात सरकू द्यायच्या. अधूनमधून एखादा देखावा. त्या काळी तरुण जोडप्याला चारचौघांत हात धरणेही कठीण होते, त्यामुळे या काळोखाला गिऱ्हाईक भरपूर. ‘टनेल ऑफ लव्ह’ म्हणतात ते हेच. केनीवुडची ओल्ड मिल आजही चालू आहे. अमेरिकेत चालू असलेल्या सर्वांत जुन्या डार्क राइड्समध्ये तिची गणना होते. मधल्या काळात तिची नावे आणि आतले देखावे पुन्हा पुन्हा बदलले. २००४ मध्ये तर तिला गारफील्ड या व्यंगचित्रातल्या लठ्ठ मांजराच्या स्वाधीन केले गेले आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांवर त्रिमितीचे चष्मे चढवले. जुन्या लोकांना ते मुळीच रुचले नाही. अखेर २०२० मध्ये मांजर गेले आणि ‘ओल्ड मिल’ हे नाव परत आले. एकशे एकोणीस वर्षांनी!

पण पाण्याचा बोगदा बांधणे हे खर्चाचे काम. न्यू जर्सीत ब्रिजटन गावी टंबलिंग डॅम नावाचा एक छोटा पार्क होता. त्याच्या मालकांपैकी एक, लिऑन कॅसिडी, याला ओल्ड मिल हवी होती आणि पैसे नव्हते. त्याने विचार केला, पाणीच कशाला पाहिजे? जमिनीवर एकच लोखंडी रूळ टाकला, त्यातून वीज सोडली, वर दोन माणसांची छोटी गाडी ठेवली आणि हा रूळ एका साध्या खोलीत इतका वळवला की आत बसलेल्याला आपण किती लांब आलो याचा पत्ताच लागू नये. बाहेर आलेल्या एका गिऱ्हाइकाने म्हणे सांगितले, मला प्रेट्झेलसारखे पिळून काढले! (प्रेट्झेल म्हणजे कणकेची दोरी गाठ मारल्यासारखी वळवून भाजलेला खारा पाव. आपल्या कडबोळ्याचा लांबचा भाऊ म्हणा.) कॅसिडीने तेच नाव उचलले आणि १९२८ साली ‘प्रेट्झेल अम्यूझमेंट राइड कंपनी’ काढली. गाडीच्या बाजूला लोखंडाचे ओतीव प्रेट्झेल बसवलेले असे. ते नुसते शोभेचे नव्हते. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून त्याचे वजन कामाला येई.

आतली करामत तर इतकी साधी, की वाचून मला हसू आले. गाडीचे चाक रुळाकाठच्या एका खटक्यावरून गेले की तो खटका दाबला जातो आणि कोपऱ्यातला राक्षस पुढे झेपावतो, नाहीतर झांजा वाजतात. छताला नुसते दोरे टांगलेले असत. काळोखात तोंडावर आले की माणसाला कोळिष्टक वाटे. संगणक नाही, पडदा नाही. गाडी स्वतःच स्वतःचे नाटक चालवते. एका संचाला जागा थोडी लागे आणि खर्चही बेताचा, म्हणून गावोगावच्या पार्कांत आणि फिरत्या जत्रांत प्रेट्झेलच्या गाड्या गेल्या. इतरांनी नक्कल केली, ‘लाफ इन द डार्क’ अशा नावांच्या राइड्स सगळीकडे झाल्या. आज मूळ प्रेट्झेल बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. न्यू यॉर्क राज्यात ओनायडा तळ्याच्या काठी सिल्व्हन बीच नावाचे गाव आहे, तिथली ‘लाफलँड’ ही १९५४ सालची. कॅम्डेन पार्कमधले ‘हाँटेड हाउस’ आणखी वेगळे. तिथे साखळी गाडीला वर ओढून नेते आणि पुढे ती उतारावरून आपल्याच वजनाने काळोखात धावते. अशा जातीच्या गाड्या आता जवळजवळ नामशेष झाल्या आहेत.

आणि मग बिल ट्रेसी. हा माणूस कळला नसता तर कदाचित मी दहा ओळींत यादी करून भाच्याला पाठवली असती आणि विषय मिटवला असता. ट्रेसी हा शिल्पकार. जन्म १९१६, मृत्यू १९७४. १९६० च्या आसपासपासून मरेपर्यंत त्याने पूर्व किनाऱ्यावरच्या आणि आतल्या भागातल्या कितीतरी पार्कांसाठी डार्क राइड्स बनवल्या. प्रेट्झेलच्या खोलीत दोन-चार भुते आणि बाकी काळोख असे. ट्रेसीने तिथे घरच्या घर उभे केले : कललेल्या खोल्या, वाकड्या खिडक्या, गाडीभोवती गरगर फिरणारे पिंप आणि अंगावर कोसळतील असे वाटणारे खांब. कागदाचा लगदा, लाकूड, कापड, आणि त्यावर जांभळ्या दिव्यात पेटल्यासारखे दिसणारे रंग. बाहेरचा दर्शनी भागही तोच करी. इमारतीकडे बघूनच पोरांच्या पोटात गोळा यावा असा.

त्याची सगळीच कामे आज कौतुकाने दाखवता येतील असे नाही. लाकूड कापायच्या करवतीवर बांधलेली अर्धवट कपड्यांतली बाई हा त्याचा आवडता देखावा. काही पार्कांनी पुढे अशा बाहुल्या काढल्या, बदलल्या किंवा त्यांना कपडे चढवले. मला ते योग्यच वाटते. पण त्याच माणसाच्या हाताला जी गंमत होती, भीती आणि हसू एकाच चेहऱ्यात बसवायची, ती नाकारता येत नाही. आज त्याची कामे फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहेत. वॉल्डमीर पार्कात १९७० चा दुमजली ‘व्हॅकी शॅक’ आणि त्याच्याजवळ १९७२ चा पायी फिरायचा ‘पायरेट्स कोव्ह’ आहे. मेरीलँड राज्यात समुद्रकाठच्या ओशन सिटीला ट्रिंपर नावाच्या घराण्याने वसवलेला पार्क आहे, तिथले ‘हाँटेड हाउस’ १९६४ चे. तिथली गाडी म्हणजे शवपेटी. तुम्ही तिच्यातच बसून आत जायचे.

मग इतक्या राइड्स गेल्या कुठे? डिस्नेने मोडल्या असे सोपे उत्तर पुष्कळ ठिकाणी मिळते. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आली, १९६९ मध्ये ‘हाँटेड मॅन्शन’ आली. या दोन्हींचा थाट कुठल्याही गावच्या पार्काला झेपणारा नव्हता, हे खरे. पण डिस्नेची हवा लागून अनेक छोट्या पार्कांनी नव्या डार्क राइड्स बांधल्याही. खरा घाव दुसरीकडून आला.

११ मे १९८४. न्यू जर्सीतल्या ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर’ या मोठ्या पार्कात ‘हाँटेड कॅसल’ नावाचा पायी फिरायचा भूतबंगला होता. ट्रकला जोडतात तसले ट्रेलर एकमेकांना जोडून आत चिंचोळ्या वाटा केलेल्या. संध्याकाळी आत आग लागली. भिंतींना लावलेला फोम भराभर पेटला. पाण्याचे फवारे नव्हते. आठ मुले, सगळी कोवळ्या वयातली, बाहेर येऊ शकली नाहीत. भयाचा खेळ बघायला गेलेल्या मुलांना काळोखात खरे दार सापडू नये, याहून वाईट काय असणार? या दुर्घटनेनंतर अशा इमारतींसाठी अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. व्हायलाच हवे होते. पण छतभर फवाऱ्यांचे नळ, धोक्याची घंटा, बाहेर पडायच्या जादा वाटा यांचा खर्च जुन्या लाकडी राइडवर करायचा, की ती पाडून तिथे नवा पाळणा आणायचा, या हिशेबात पुष्कळ ठिकाणी पाळणा जिंकला. विम्याचे हप्तेही वाढले.

उरलेल्यांना आग आणि पाणी या जुन्या शत्रूंनी गाठले. न्यू जर्सीच्या वाइल्डवुड किनाऱ्यावरचा ‘कॅसल ड्रॅक्युला’ जानेवारी २००२ मध्ये जळून गेला. न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडवर डीनोज वंडर व्हील पार्कात ‘स्पूक-ए-रामा’ ही १९५५ ची राइड आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात समुद्राचे खारे पाणी तिच्यात शिरले. मालक घराण्याने चिखल उपसून, जे वाचवता आले ते वाचवून पुढच्याच वर्षी ती पुन्हा चालू केली. एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळाने साठीला टेकलेल्या भूतगाडीवर एवढा खर्च मंजूर केला असता का, याची मला शंका आहे.

इथे मला आमचे दप्तर आठवले. कुठल्याही जुन्या कार्यालयात एक खोली अशी असते, जिच्याकडे वरिष्ठांचे लक्ष नसते. तिथले कागद टिकतात, कारण ते फेकून द्यायचा आदेशच कुणी काढत नाही. छोट्या पार्कांतल्या डार्क राइड्सचे पहिल्यांदा मला असेच वाटले. नवे घ्यायला पैसे नाहीत म्हणून जुने उरले. पण दप्तरात काम केलेल्या माणसाला पुढचेही ठाऊक असते. नुसते दुर्लक्ष झालेल्या कागदाला चार पावसाळ्यांत वाळवी लागते. जो गठ्ठा खरोखर टिकतो, त्याच्यामागे बहुधा एखादा शिपाई असतो, जो स्वतःहून दर उन्हाळ्यात ते गठ्ठे बाहेर काढून झटकतो. मग मी यादीतल्या पार्कांकडे या नजरेने पाहू लागले : इथे झटकणारा कोण आहे?

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या एलिसबर्ग गावी सापडले. गावाबाहेर दाट झाडीत, ओढ्याकाठी नोबल्स नावाचा पार्क आहे (स्पेलिंग ‘के’ने सुरू होते, शोधताना घोळ होतो). नोबेल घराण्याने १९२६ मध्ये पोहण्याच्या तलावापासून सुरुवात केली आणि पार्क आजही त्याच घराण्याकडे आहे. आत शिरायला पैसे नाहीत, गाडी लावायलाही नाहीत. ज्या पाळण्यात बसाल त्याचे तिकीट काढा. आपल्या जत्रेसारखेच की! जून १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाने ओढ्याला पूर आला आणि पार्काचे मोठे नुकसान झाले. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, तिथे ‘हाँटेड मॅन्शन’ उभे राहिले. ‘अम्यूझमेंट टुडे’ या धंद्यातल्या नियतकालिकाच्या ‘गोल्डन तिकीट’ निवडीत कोट्यवधी डॉलर्सच्या राइड्सच्या पंगतीत हे गावठी भूतघर अनेक वर्षे वरच्या क्रमांकांत बसले आहे. आत काय आहे ते सांगत नाही. कुणी जाणार असेल तर मजा जाईल. एवढेच सांगते, की तिथे देखाव्यांची गर्दी नाही. काळोख भरपूर आहे, आणि आवाज कधी येणार नाही हे त्यांना बरोबर कळते.

पण मला नोबल्सची दुसरी राइड जास्त महत्त्वाची वाटते. वाइल्डवुडच्या हंट्स पिअरवर १९६० साली ‘गोल्डन नगेट’ नावाची खाणीची राइड बांधली गेली होती. रूळ आणि इमारत फिलाडेल्फिया टोबॉगन कंपनीची, देखावे बिल ट्रेसीचे. तीन मजली; वरच्या मजल्यावर गाडी उघड्यावर येई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडली आणि समुद्राच्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. २००९ मध्ये ती पाडायची ठरल्यावर नोबल्सने तिची गाडी, रूळ, यंत्रे सुटी करून ट्रकांवर घातली आणि डोंगरातल्या आपल्या पार्कात नेली. नवी इमारत बांधून २०११ मध्ये ‘ब्लॅक डायमंड’ या नावाने ती सुरू केली. काळा हिरा म्हणजे दगडी कोळसा. तो सगळा टापू अँथ्रासाइट कोळशाच्या खाणींचा. १९६२ पासून जिच्या पोटात आग धुमसते आहे ती सेंट्रेलिया वस्तीही तिथून दूर नाही. म्हणजे ज्या राइडमध्ये पूर्वी पश्चिमेकडचे काल्पनिक सोने होते, तिच्यात आता तिथल्याच लोकांच्या आजोबा-पणजोबांची खाण आहे. याच पार्काने १९८५ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओहून एक जुना लाकडी रोलर कोस्टर असाच सुटा करून आणला आणि ‘फीनिक्स’ या नावाने पुन्हा जोडला. ज्यांच्याकडे स्वतःचे सुतार आणि लोहार आहेत, त्यांनाच हे असले उद्योग सुचतात.

आता ती शेवटी सांगेन म्हटलेली गोष्ट. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात हे वाचकांना सांगायला नको. लाकडाचा-लोखंडाचा सांगाडा, गवत, कागद, रंग; हल्ली तर हातपाय हलवणारे, डोळे फिरवणारेही असतात. आठ-पंधरा दिवस पोरे त्यावर राबतात आणि पहाटे तो जाळून टाकतात. ट्रेसीचा राक्षस आणि आपला नरकासुर समोरासमोर ठेवले तर सामान जवळजवळ तेच. पण आपल्याकडे वस्तू जळते आणि करणारे हात शिल्लक राहतात, कारण पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा करावाच लागतो. थोरल्याचे बघून धाकटा शिकतो. तिकडे उलट झाले. राक्षस पन्नास-साठ वर्षे भिंतीला उभा राहिला, आणि ट्रेसी गेल्यावर, प्रेट्झेल कंपनी बंद पडल्यावर, तसा नवा करणारे हातच फारसे उरले नाहीत. जुन्या मूर्तीचा हात मोडला की बाजारातून रबराचा मुखवटा आणून बसवायचा, असे अनेक पार्कांत होत गेले. राइड चालू असते, पण ती ती नसते.

म्हणून चांगली डार्क राइड शोधायची माझी कसोटी एकच : तिची डागडुजी करणारा माणूस त्याच पार्कात आहे का? नोबल्स, ट्रिंपर, कोनी आयलंडचे डीनोज, वॉल्डमीर या ठिकाणी पिढ्यान् पिढ्या कुटुंबांनी आपले पार्क जपले, आणि चांगली नावे तिथेच सापडली हा योगायोग नाही. नवीन राइड्सही वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची सॅली ही कंपनी १९७७ पासून या धंद्यात आहे. इंडियाना राज्यात सांता क्लॉज अशा नावाचे खरोखरचे गाव आहे. तिथल्या ‘हॉलिडे वर्ल्ड’ या कौटुंबिक पार्कासाठी सॅलीने २००६ मध्ये ‘गॉबलर गेटअवे’ बनवली. थँक्सगिव्हिंगच्या टर्की कोंबड्या शोधायचा खेळ, भुताचा पत्ता नाही, लहान मुले खूश.

बाकी खुणा छोट्या आहेत. राइडचे साल पाहावे. १९२८ ते १९७४ च्या मधले असेल तर प्रेट्झेल किंवा ट्रेसीचा हात असण्याचा संभव आहे. दर्शनी भाग हाताने रंगवलेला आहे का ते पाहावे. पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी युटा राज्यातल्या लगून पार्कातली १९६७ ची ‘टेररराइड’ आणि १९७४ चा ‘ड्रॅक्युलाज कॅसल’, आणि कॅलिफोर्नियात सांता क्रूझच्या समुद्रकाठची १९६१ ची, आदिमानवांच्या गुहेतून जाणारी ‘केव्ह ट्रेन’ टिपून ठेवावी. बहुतेक छोटे पार्क फक्त उन्हाळ्यात आणि काही तर ठरावीक वारीच उघडे असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

भाचा पोरांना घेऊन नोबल्सला जाऊन आला. थोरलीने हाँटेड मॅन्शनला तीन वेळा तिकीट काढायला लावले, धाकट्याने तिन्ही वेळा डोळे मिटून घेतले. मी त्याला एक काम सांगितले होते, तेच या भागात राहणाऱ्या आपल्या इतर मंडळींनाही सांगते. बाहेर आल्यावर गाडी चालवणाऱ्याला विचारायचे, आतले सांगाडे कोण दुरुस्त करतो? त्याने खांदे उडवले तर ती राइड आताच बघून घ्यावी, पुढच्या खेपेला असेल याची खात्री नाही. आणि त्याने बोट दाखवून ‘तो काय, तिकडे शिडीवर आहे तो’ असे सांगितले, तर त्या शिडीवरच्या माणसाला दोन शब्द बोलून यावे. त्याचे नाव कुठल्याच पाटीवर नसते.